ओल्या काजूंनी खाल्लेली रजा

"हात वर! अहो, हात वर करा म्हणते ना! कशाला लावू नका. डोळ्याला तर मुळीच नाही!"

बायकोचा हा आवाज आखातातल्या नईम मोहल्ल्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून असा सुटला, की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून स्वतःचेच हात वर केले. मी मात्र तोवर उजवा डोळा चोळून मोकळा झालो होतो.

गुन्हा एवढाच, की शेजाऱ्याने राजापूरहून येताना ओले काजू आणले होते, सालासकट. आमच्या रत्नागिरीत दूधपितं पोरही सांगेल, की ओला काजू सोलण्याआधी हाताला खोबरेल तेल चोपडायचं, नाहीतर चिकाने कातडी उतते. बायको बाटली घेऊन मागे उभीच होती. मी म्हटलं, "बारा वर्षं हॉटेलच्या तंदूरमध्ये भाजलेली बोटं आहेत ही. काजूची काय बिशाद!" आणि दोन किलो काजू कोरड्या हातांनी सोलले. उसळ झकास झाली, हे नमूद करतो.

सकाळी डोळा गायब. बोटं दुधी भोपळ्याएवढी. त्यांच्या बेचक्यांत फोड असे टपोरे, की इथल्या मुहर्रकच्या मोतीबाजारातल्या व्यापाऱ्याने उभ्या उभ्या बोली लावली असती. लेक म्हणाली, "पप्पा, यू लुक लाइक अ पफरफिश," आणि फोटो काढून शाळेत गेली.

मी तसाच कामावर. आमचा मुख्य शेफ इजिप्तचा, दारातून वाकून आत येणारा. त्याने विचारलं, "हे काय?"

'ॲलर्जी' एवढा एक शब्द पुरेसा होता. पण एका शब्दात आटोपणारा माणूस मी नव्हे. मी सांगितलं, की आमच्या गावी काजूच्या झाडाखालून पाखरू उडत नाही. एकदा एक हत्ती त्याला टेकला, तो तीन जिल्हे खाजवत फिरला. आणि ऐकणारे चारजण जमले म्हणून वर जोडलं, "एकाला लागलं की शेफ, अख्खी वाडी खाजवते!"

तो डोंगर तीन पावलं मागे सरकला. "खलास. घरी. पूर्ण बरा होईपर्यंत किचनमध्ये पाय नाही."

आता खरी गंमत. दवाखान्यातल्या मलयाळी डॉक्टरीणबाईंनी गुलाबी लोशन दिलं आणि सिक लीव्ह लिहिली फक्त दोन दिवसांची. पुढचा प्रत्येक दिवस माझ्या वार्षिक रजेतून जाणार होता. तीस दिवसांची ती रजा मेमध्ये आईकडे घालवायला राखलेली. दोन वर्षं आई माझी वाट बघत होती.

पुरळ मात्र मुक्कामाला आल्यासारखं. बोटांवरचं उतरलं की मनगटावर, तिथलं गेलं की मानेवर. कोकमाचं आगळ लावलं, बर्फाच्या घमेल्यात बसलो. आमच्या घरातला गुलाबी रंग पाहून टॅक्सीवाले पत्ता ओळखू लागले. बायको रोज सकाळी कॅलेंडरवर एक दिवस खोडायची आणि तेलाची ती बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवायची. ते सगळ्यांत जास्त झोंबायचं.

दहाव्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडून लेखी चिठ्ठी आणली: हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शेफने ती लांबूनच, चिमट्यात धरून वाचली.

"डॉक्टर तुझ्या गावी गेली आहे?"

"नाही."

"तो हत्ती तिने पाहिला?"

"शेफ, हत्तीचं मी जरा..."

"तू पाहिलास. मी तुझ्यावर विश्वास ठेवतो. यल्ला, चल घरी."

बारा वर्षांत माझ्या एखाद्या गोष्टीवर कुणी इतका पक्का विश्वास ठेवला नव्हता.

एकविसाव्या दिवशी अंग स्वच्छ झालं. रजेचे दिवस उरले अकरा. त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला आणि सगळं रामायण ऐकवलं. चीक, सूज, निर्दयी शेफ, निर्दयी नशीब. हत्तीही घातला, सवयीने. शेवटी मात्र खरं ते सांगितलं. "आई, महिनाभर येणार होतो गं. अकराच दिवस मिळतायत."

"अकरा दिवस ये," आई म्हणाली. "काजू मी सोलीन."