पाइपाला लावलेलं कुंकू

जळक्या ऑइलचा वास आला की मला तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरासमोरची आमची जुनी जीप आठवते अन् डोकं तापतं. तिचा ऑइल फिल्टर इंजिनखाली अडचणीत होता, हात पोचत नसे, म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी लांब पाइप जोडून तो दुसरीकडे बसवायचं ठरलं. मी बॅटरीजवळची जागा दाखवली. मोठा भाऊ खेकसला, “तू मले शिकवून राहिला काय बे?” आणि त्यानं मुद्दाम सायलेन्सरच्या बाजूला बसवला. दसऱ्याला पूजा करून तो मला शेजारी बसवून जीप घेऊन निघाला, तर सदर बाजारात पाइप जळाला, ऑइल सांडलं, इंजिन जाम झालं. “तुहीच नजर लागली हिले!” तो भर रस्त्यात ओरडला. नजर कसली! सकाळी हळद-कुंकू लावताना तो पाइप सायलेन्सरला टेकलेला मला स्पष्ट दिसला होता. मी त्यालाही कुंकू लावलं.