नदी कुठं हाय?

ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीत टीव्ही फक्त माझ्याकडं होता. एका रविवारी त्यावर नद्या वाचवण्यासाठी भरवलेला गाण्यांचा भलामोठा कार्यक्रम दाखवत होते. आमचा गवळीही बघायला येऊन बसला. हा गडी रोज म्हैस दारात आणायचा, रिकामी चरवी उलटी करून दाखवायचा आणि मगच धार काढायचा. कोल्हापुरात डोळ्यांदेखत धार काढली नाही, तर दुधावर कुणाचा विश्वास बसत नाही.

दोन तास गाणी झाली, टाळ्या झाल्या. निवेदिकेनं डोळेही पुसले, कशासाठी देव जाणे.

"मास्तर, ह्यात नदी कुठं हाय?" गवळ्यानं विचारलं.

"अरे, ही जागृती आहे."

"व्हय, पण नदी एकदा तरी दावायची की! म्हस न आणता मी नुसती भरलेली चरवी आणली, तर घ्याल काय तुम्ही?"

मला त्याचा राग आला, कारण माझ्या मनातही तोच संशय होता.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणं देवाच्या निर्माल्याची पिशवी घेऊन मी पंचगंगेच्या पुलावर गेलो. इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं. आधी मागंपुढं कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि मग पिशवी खाली सोडली.