डिव्हायडरमधला कट

‘पोरी, कट मंजूर झाला!’

आमचे क्लायंट रंगनाथकाका फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडले, की माझ्यासमोर बसलेल्या शेखसरांनाही ऐकू गेलं. ‘मुबारक हो, काका!’ सर तिथूनच म्हणाले, आणि आमच्या औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात पहिल्यांदाच चहाबरोबर समोसे आले.

हा कट म्हणजे कारस्थान नाही. मोठ्या रस्त्याच्या मधल्या डिव्हायडरमध्ये गाड्यांना वळायला जी फट ठेवतात, ती कट. मी कॉलेज करत शेखसरांकडे काम करते. दुकानं, शोरूम, गोडाऊन भाड्यानं मिळवून देणं हा आमचा धंदा. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकावर माझा जरा जास्तच विश्वास. रस्ता रुंद झाला की लगतच्या जागेचा भाव वाढतो, असं पुस्तकात होतं. कटाबद्दल त्यात काही नव्हतं.

करमाडजवळ जालना रोडच्या अलीकडे काकांची जमीन, पलीकडे त्यांचे चुलतभाऊ भगवानराव. दोघांत बोलणं बंद. शेंद्र्याचे कारखाने वाढले तसा काकांनी मोठा हॉल बांधला. आत एकही खांब नाही, पुढून सगळी काच. भगवानरावांनी पत्र्याचं शेड टाकून म्हशी बांधल्या.

हॉल बघायला एका मोठ्या किराणा स्टोअरच्या मॅडम आल्या. त्यांना जागा आवडली. फक्त म्हणाल्या, ‘पलीकडून येणारी गाडी इथं वळणार कशी? कट मिळाला तर बघू.’ एवढा मोठा हॉल दुसरं कुणी घेईना. म्हणून काका कटामागे लागले. निवेदन मी लिहिलं. त्यावर गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या.

‘काका, भगवानरावांचीही घेऊ या का?’ मी भीत भीत विचारलं.

‘त्याची? त्यापरीस म्हशीचा खूर उमटवून आण.’

सहीवाचूनच कट झाला. मॅडम पुन्हा आल्या तेव्हा सर आणि मी तिथंच होतो. शेंद्र्याची शिफ्ट नुकतीच सुटली होती. पलीकडच्या बाजूनं मोटारसायकलींचा लोंढा चालला होता. आमची बाजू जवळजवळ रिकामी.

‘हे सगळे कुठं चाललेत?’ मॅडमनी विचारलं.

‘घरी,’ मी खरं ते सांगितलं.

‘आणि या बाजूनं?’

‘सकाळी कामावर जातात.’

‘कामावर जाताना तेलाचा डबा कोण घेतं?’

मॅडम पलीकडे बघत म्हणाल्या, ‘ती जागा कोणाची?’

‘कोणाची नाय,’ काका घाईनं म्हणाले. ‘म्हशी हायत तिथं.’

‘पण मॅडम, कट काकांनी आणलाय,’ मी म्हणाले.

‘हो ना. फार चांगलं काम केलं. या बाजूनं येणारे मालाचे ट्रक तिकडे वळत नव्हते म्हणून ती बाजू आम्ही सोडली होती.’

काकांनी फेटा काढला, पुन्हा बांधला.

परतताना सर म्हणाले, ‘आता भगवानरावांशी बोलायला हवं.’

‘सर, आपले क्लायंट काका आहेत.’

‘भगवानरावही होतील. बेटा, आपण जागेचे दलाल. भावकीचे नाही.’

भगवानरावांनी म्हशी हलवल्या. शेडच्या जागी स्टोअर उभं राहू लागलं. ‘रंगनाथअण्णानं माझ्यासाठी लई पळापळ केली,’ असं ते पारावर सांगायचे. ते ऐकून काका गावात जाईनासे झाले. मला राहवेना. धीर करून मॅडमना फोन लावला आणि विचारलं, ‘माल साठवायला जागा लागेल का? अगदी समोर आहे. खांब नाहीत.’

त्यांना लागणारच होती. भाडं मात्र शोरूमचं नाही, गोडाऊनचं. काकांनी रात्रभर विचार केला आणि सही केली. ऊन लागून माल खराब होऊ नये म्हणून स्टोअरवाल्यांनी पहिल्याच दिवशी त्या सगळ्या काचेला आतून खाकी कागद चिकटवला.

परवा गेले तेव्हा काका दारात खुर्ची टाकून बसले होते. कटातून हातगाड्या पोती घेऊन पलीकडे जात होत्या. एका पाहुण्यानं विचारलं, ‘स्टोअर भगवानरावाचं ना?’

‘छ्या! स्टोअर हितं माझ्याकडं हाय,’ काका म्हणाले. ‘तिकडं नुसता काउंटर.’

सरांनी दोन्हीकडून दलाली घेतली. मी माझ्या वहीत एवढंच लिहून ठेवलं: रस्ता सरकार बांधतं, कट आपण मागून आणतो, पण दुकान कुठल्या बाजूला चालेल, हे घरी परतणारा माणूस ठरवतो.