पाटयेची मान

आमच्या आईची मान बघण्यासारखी होती. कानामागून निघून गळ्याच्या हाडापर्यंत दोन्ही बाजूंनी दोन शिरा अशा तटतटून उभ्या असायच्या की लहानपणी मी त्यांच्यावर बोट दाबून बघायचे. तारकर्लीहून मालवणच्या बाजारापर्यंत ती डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालत जायची, लग्न झाल्यापासून. आमच्या वाडीतल्या मासे विकणाऱ्या सगळ्याच बायांच्या माना थोड्याफार तशा, पण आईची पहिल्या नंबराची. कुणी म्हटलं, "काय गो, मान किती सुकली तुझी!" की ही फणकाऱ्यानं सांगायची, "सुकूक नाय. पाटयेची मान आसा ती."

तिला खोकला होता, दम लागायचा. त्यालाही उत्तर तयार. चुलीत आम्ही चुडतां नि सोडणां घालायचो, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळाची सालं. ती जरा दमट असली की स्वयंपाकघरात माणूस माणसाला दिसायचं नाही. "धूर खाल्ल्यार खोकलो येतलोच," आई म्हणायची. दम का लागतो, तर वय झालं. आमच्या घरात प्रत्येक दुखण्याचं कारण आधीच ठरलेलं असायचं, त्यामुळे डॉक्टरकडे जायची वेळच येत नसे.

मी शिकले, पुण्याला गेले आणि एका इस्पितळात तंत्रज्ञ म्हणून लागले. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तिथले मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यावर काम करत होते. फुप्फुसं निकामी व्हायला लागली की छातीखालचा मुख्य स्नायू थकतो आणि मानेचे स्नायू मदतीला धावतात. दिवसरात्र श्वास ओढून ओढून ते ताठ होतात. हा ताठपणा उजेडानं मोजायचं आमचं यंत्र होतं. मानेला बारीकशी थरथर द्यायची, वरून उजेड सोडायचा आणि ती थरथर कातडीवरून कशी पळते ते कॅमेऱ्यानं टिपायचं. सैल स्नायूत ती रेंगाळते, ताठ स्नायूत सुसाट सुटते. पडद्यावर निळं दिसलं तर सैल, लाल दिसलं तर ताठ. पेशंटला काहीच करायचं नाही, फक्त टेकून बसायचं.

हे फक्त टेकून बसणं माझ्या फार पथ्यावर पडणार होतं. कारण दम मोजायची नेहमीची फुंकायची नळी असते ना, ती आईनं तोंडात घ्यायला साफ नकार दिला होता. एकदा मोठ्या मिनतवारीनं मी तिला तपासणीला नेलं, तर तिथे सगळ्यांसमोर तोंडाला पदर लावून म्हणाली, "सगळ्यांची उष्टी नळी मी तोंडात घालू? शी शी!" अहो, तोंडाकडचा तुकडा दर माणसाला नवा असतो, मी तिच्यासमोर पाकीट फोडून दाखवलं. तर म्हणते, "तोंडाकडची नवी. मगे फुडली?" झालं. तिथून आम्ही मासे घेऊन घरी आलो.

म्हणून सरांना जेव्हा चुलीच्या धुरात वावरलेल्या बायका तपासायच्या होत्या, तेव्हा मी म्हटलं, सर, आमच्या किनाऱ्यावर चला. माझ्या मनात एकच होतं. आईच्या छातीत काय चाललंय ते एकदा कुणीतरी बघावं आणि तिला वेळेवर औषध सुरू व्हावं.

शाळेच्या एका खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावून यंत्र मांडलं. आई ठेवणीतली साडी नेसून आली. खुर्चीत टेकवली तर म्हणाली, "फोटो काढतास? थांब, माका केस नीट करूक दी." मग उजेड मानेवर पडल्यावर, "ह्येच्यात आतला दिसता? मगे सकाळी पेज पिलंय ती पण दिसतली." खोलीतले सगळे हसले. मी हसले नाही, कारण पडदा लालभडक झाला होता. एवढा लाल आम्ही कुणाचाच पाहिला नव्हता. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं! सापडलं एकदाचं, आता ही माझं ऐकेल, असं वाटलं.

सर पुढे झुकले. "बाई, तुम्ही काम काय करता?"

सरकारी माणसासमोर लावायची मराठी आईनं लावली. "मासे विकते साहेब. डोक्यावर पाटी घेऊन जाते मालवणला." अशा तोऱ्यात सांगितलं, की काही विचारू नका.

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग ही मान ओझ्यानं ताठली आहे. यांचं माप आपल्याला चालणार नाही." नियमच तसा होता, मला तो तिथेच कळला. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांना घ्यायचं नाही, कारण ताठपणा ओझ्याचा की श्वासाचा ते कळत नाही. मी म्हटलं, "सर, तिला दमसुद्धा लागतो." सर चांगले होते, शांतपणे म्हणाले, "आपल्या आईसाठी नियम मोडला तर बाकीच्यांना काय सांगणार?" बाहेर बायकांची रांग होती. मी पुढच्या बाईला आत बोलावलं.

आई मात्र लढाई जिंकल्यासारखी उठली. "बघ! मशीनीन पण सांगितल्यान. पाटयेची मान!" दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला कळलं, की पुण्याच्या डॉक्टरांनी उजेड घालून बघितलं आणि हिला काय्येक झालेलं नाही. त्यानंतर डॉक्टरचं नाव काढायची सोय उरली नाही. नाव काढलं की म्हणायची, "तुझ्याच डॉक्टरान सांगितल्यान ना?"

पुढे भावानं मोपेड घेतली. मासे प्लॅस्टिकच्या क्रेटमधून जायला लागले आणि आईची पाटी पडवीतल्या खुंटीला गेली. तशीही ती अर्ध्या वाटेत चारदा बसायला लागली होती. आम्हाला वाटलं, ओझं सुटलं, आता बरी होईल.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी घरी गेले. संध्याकाळची वेळ. आई पायरीवर बसली होती, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर रोवून. माडांमधून कलतं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. प्रत्येक श्वासाला त्या दोन शिरा वर उचलल्या जात होत्या आणि गळ्याच्या हाडामागे खळगा पडत होता. श्वास, शिरा, खळगा. मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. डोक्यावर तिच्या काही नव्हतं.

"इलंस?" ती म्हणाली. मग मध्येच थांबून, दम घेऊन, "जरा मानेक तेल चोळ गो. पाटी ठेवून वरीस झाला... अजून सैल होऊक नाय."

म्हणजे वर्षभर ती वाट बघत होती. आम्ही सांगितलं होतं ना, ओझ्याची मान म्हणून! मग ओझं उतरलं की मान सुटणार, हा तिचा साधा हिशेब. मी खोबरेल कोमट केलं आणि चोळत बसले. बोटांखाली दोरखंड लागत होते. "होतली गो सैल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला न विचारता गाडीत घातलं आणि कणकवलीला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" आई माझ्याकडे बघत राहिली. घरी ऑक्सिजनचं नळकांडं आलं. ती नाकाची नळी मात्र तिनं मुकाट्यानं लावून घेतली, कुणाची उष्टी आहे का ते विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच माझा धीर सुटला.

मी रजा वाढवून घरीच राहिले. रोज संध्याकाळी मी नाहीतर वहिनी तेल चोळायचो. रोज ती विचारायची, "सुटली काय गो थोडी?" आणि आम्ही म्हणायचो, थोडी सुटली.

गणपतीच्या आधी ती गेली. वाडीतल्या बायकांबरोबर तिला आंघोळ घालताना मी डोक्याखाली हात घातला, आणि मान माझ्या हातात अलगद कलली. शिरा कुठे लागेचनात. मऊ, अगदी लहान मुलासारखी मऊ. हातातला तांब्या तसाच राहिला. आधी मनात आलं ते हे, की आईला सांगायला हवं.