खेकडेवाल्याची बॅटरी

नव्या बॅटरीच्या रबराचा वास आला की मला महाडच्या बाजारातलं ते दुकान आठवतं. आमच्या पोलीस ठाण्यासाठी एलईडी बॅटऱ्या निवडायचं काम माझ्याकडे होतं. दुकानदाराने पाण्याची बादली पुढे सरकवली आणि म्हणाला, "साहेब, बुडवून बघा. खेकडे पकडणारे तसंच घेतात." मी फणकारलो, "मी काय खेकडे पकडायला चाललोय?" आणि लांबवर झोत टाकणारी चकचकीत बॅटरी उचलली. आठवड्याभरातच, भर पावसात, दिवस मावळताना आंबेनळी घाटात एक जीप दरीत गेली. मी पोचलो तेव्हा अंधार पडला होता; चार पावलं खाली उतरलो नाही तोच काचेआड पाणी शिरून माझी बॅटरी विझली. खालून चालक कण्हत होता. तेवढ्यात जवळच्या वाडीतला एक माणूस आला. खांद्याला खेकड्यांची पिशवी, हातात पोचे पडलेली बॅटरी. "सायेब, तुमी थांबा, मी हाय ना," म्हणत तो उतरला आणि चालकाला पाठीवर घेऊन वर आला. ठाण्यात परतल्यावर मी नोंद केली, 'पोलिसांनी बॅटरीच्या उजेडात जखमीस बाहेर काढले.' आता मी प्रत्येक बॅटरी बादलीत बुडवूनच घेतो. पण त्या नोंदीत त्या माणसाचं नाव नाही, आणि मी ते त्याला विचारलंही नव्हतं.