तळाशी मूठभर

माझी सून पोलंडची. लग्नानंतर महिनाभर ती मस्कतला आमच्याकडे राहिली, तेव्हा मी हट्टाने तिची भाषा शिकायला बसले. त्या भाषेत वस्तू असली की तिचं नाव जसंच्या तसं राहतं; नसली की षष्ठी विभक्तीत जातं, आपल्या 'चा-ची-चे'सारखं. जणू नसलेलं सगळं कुणाचं तरी असतं.

हे समजावायला तिने ओट्यावर तांदळाचा डबा परातीत पूर्ण उपडा केला. "तांदूळ आहेत" म्हणाली, मग डबा दाखवून, "तांदूळ नाहीत."

मी भडकलेच. "डबा असा रिकामा करतात का? तळाशी मूठभर तरी ठेवायचे!"

तिने मूठभर तांदूळ परत डब्यात टाकले. मला नंतर वाईट वाटलं, पण तसं बोलले नाही.

यंदा तिची आई गेली. मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती आईचं स्वयंपाकघर आवरत होती. कपाटं रिकामी झाली होती. "आई नाही," एवढंच ती तिच्या भाषेत म्हणाली. त्यातली षष्ठी मला ऐकू आली.

मग तिने पिठाचा डबा कॅमेऱ्यासमोर तिरका केला. तळाशी मूठभर पीठ ठेवलेलं होतं.