रंग ओला आहे

मोतीराम पेंटरच्या दुकानाचं नाव 'मॉडर्न आर्ट्स'. नाव ठेवलं तेव्हा पैठण गेटच्या त्या रांगेत मॉडर्न टेलर होता, मॉडर्न सायकल मार्ट होतं, एक मॉडर्न केशकर्तनालयही होतं. मॉडर्न म्हणजे चांगलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. लाल अक्षरं, काळी सावली, मागं निळा रंग. निळ्यात मोतीरामचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता. चौदा एप्रिलच्या कमानी बघून लोक लांबूनच म्हणायचे, हा मोतीरामचा निळा.

मग फ्लेक्स आला. टेलर गेला, सायकल मार्टाचं मोबाइलचं दुकान झालं. मोतीराम नंबर प्लेटवर आला आणि टिकला. मधे शहराचं नाव बदललं तेव्हा काही महिने बरकत आली. दुकानांच्या पाट्यांवर 'औरंगाबाद'च्या जागेत 'छत्रपती संभाजीनगर' बसवायचं म्हणजे अक्षरांना पोट आत घेऊन उभं करावं लागे. ते त्याला जमायचं.

त्याची मुलगी संध्या चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. एका सकाळी ती दुकानासमोर आली आणि मान वर करून बोर्डाकडं बघत राहिली. कडेला गंज धरलेला, उन्हानं लाल अक्षरं विटलेली, एका कोपऱ्यात कुठल्याशा उमेदवाराचं अर्धं फाटलेलं स्टिकर.

"पप्पा, हा बोर्ड द्या मला. उद्या प्रदर्शन आहे आमचं. यावरच पास-नापास."

मोतीरामची छाती फुगली. "म्हंजे कॉलेजात मॉडर्न आर्टच शिकवतेत की!"

"नाय हो. मॉडर्न आता जुनं झालं. आमचं समकालीन."

शेजारचा फकिरा चहावाला फिस्सकन हसला. "ऐकलं का मोतीराम? मॉडर्न जुनं झालं म्हणं! माझं दूध नासलं तर कळतं तरी. तुझं नासलं, तुला पत्ताच नाय."

"नासलं नाय, काका," संध्या म्हणाली. "शे-दीडशे वर्षांमागं काही चित्रकारांनी जुने नियम मोडले. ते मॉडर्न. मग तो काळ सरला, ते इतिहासात गेले. आत्ता जी माणसं जिवंत आहेत, आत्ताच्या जगाबद्दल करायलीत, ते समकालीन. त्यात चित्रच पाहिजे असं नाय. खाट चालते, पत्राबी चालतो."

"मोडलं म्हणून मॉडर्न व्हय?" फकिरा म्हणाला.

"तसंच समजा."

मोतीराम ब्रश पुसत होता. "आन् मी गं?" त्यानं विचारलं. "मी तर अजून जिता हाये."

संध्या हसली, संध्याकाळी रिक्षा घेऊन येते म्हणाली आणि गेली.

तिनं हसण्यावारी नेलं तरी मोतीरामच्या डोक्यात ते बसलं. त्यानं बोर्ड उतरवला, मांडीवर आडवा घेतला. इतकी वर्षं याच्याखाली बसलो आणि वरती इतिहास लटकत होता! बरं, झालं ते झालं. पण पोरीच्या परीक्षेला असा मळका बोर्ड पाठवायचा? लग्नाला निघालेल्या माणसाला मळक्या सदऱ्यात कुणी धाडतं का? त्यानं निळ्याचा डबा उघडला.

संध्या रिक्षातून उतरली तेव्हा बोर्ड भिंतीला टेकून लखलखत होता. 'समकालीन आर्ट्स'. अक्षरांना दुहेरी सावली.

ती धावतच बोर्डापाशी आली. "पप्पा, हे काय केलंत? मला मॉडर्नच पाहिजे होतं! गंजासकट, स्टिकरसकट! तेच तर काम होतं माझं!"

"अगं, तूच म्हणालीस, जुनं झालं—"

"म्हणूनच पाहिजे होतं ना! आता उद्या काय लावू, माझं डोंबल?"

 मोतीरामनं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि डावीकडून पुसायला लागला. ताजा निळा विरघळून ओघळला. 'समका' गेलं, खालून विटकं लाल 'मॉड' वर आलं.

"मॉडलीन आर्ट्स," फकिरानं मोठ्यानं वाचलं. "हे खोकल्याचं औषध हाय का?"

"थांबा!" संध्या ओरडली. "पप्पा, फडकं खाली ठेवा. आता अजिबात हात लावू नका."

ती दोन पावलं मागं सरली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. मग बोर्ड तसाच, कडेनं धरून, रिक्षात चढला.

दुसऱ्या दिवशी मोतीराम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून प्रदर्शनाला गेला. बोर्ड भिंतीवर होता. तेलरंग, त्यात आभाळ भरलेलं, सुकणार कसा? निळा अजून ओघळतच होता आणि लोक तर नाक टेकवून बघत होते. मोतीरामला राहवेना. त्यानं खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, ब्रश आणि रंगाची डबी तर खिशातच होती. सवयीनं तीन शब्द लिहिले, सवयीनंच सावली दिली आणि पुठ्ठा बोर्डाखाली चिकटवला.

तेवढ्यात परीक्षेच्या मॅडम आल्या. बराच वेळ बोर्डासमोर उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी वाचलं, "'रंग ओला आहे'. वा, संध्या! काय नाव दिलंस! सगळं याच्यात आलं. मॉडर्नवर समकालीन चढतंय, आणि अजून सुकलेलं नाही."

मोतीरामनं खुलासा करायला तोंड उघडलं. संध्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

मॅडमनी हळूच एक बोट पुढं करून अक्षराला लावलं. मोतीरामचा निळा त्यांच्या नखापर्यंत चढला.

"अय्या, खरंच ओला आहे की!"

"लिहिलंय की वो मॅडम," मोतीराम म्हणाला आणि खिशातलं फडकं त्यांच्यापुढं धरलं.